जालना रोडवर ट्राम चालेल का? प्रवासी किती, कुठून आणि कोणत्या वेळी

खामकाठ

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या वाहतुकीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट मेट्रोवर जाते. वाळूज ते शेंद्रा मेट्रो, अखंड उड्डाणपूल, एकाच खांबावर दोन्ही, असं वर्षानुवर्षं वाचतोय. गाडी कोणती ते आधी ठरतं आणि तिच्यात कोण बसणार ते मागाहून शोधलं जातं. मला हा क्रम उलटा हवा आहे, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की नगर नाका, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी, चिकलठाणा हा जालना रोडचा पट्टा ट्रामसाठी एकदा नीट तपासून पाहावा. ट्राम म्हणजे रस्त्याच्या पातळीवरच, पण स्वतःच्या राखीव पट्ट्यातून चालणारी. जिने नाहीत, सरकते जिने नाहीत, तिकिटासाठी दुसऱ्या मजल्यावर चढायचं नाही. सरकारी कागदांत याच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे मेट्रो लाइट. केंद्राने २०१९ मध्ये तिचे निकष काढले. गर्दीच्या तासाला एका दिशेने १५,००० प्रवाशांपर्यंत ती चालते असं धरलंय. रबरी टायरवर आणि वरच्या विजेच्या तारेवर चालणाऱ्या मेट्रो निओचे निकष २०२० मध्ये आले, तिची मर्यादा ८,०००. नाशिकच्या निओसाठी २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींचा उल्लेख होता, म्हणजे 'स्वस्तातली मेट्रो' म्हटली तरी आकडा लहान नसतो.

तर माझा प्रश्न: जालना रोडवर गर्दीच्या तासाला एका दिशेने सार्वजनिक वाहनात बसतील अशी माणसं किती? हजार, अडीच हजार की आठ हजार? या तीन उत्तरांची तीन वेगवेगळी वाहनं होतात. ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

एन_सात_सिडको

चांगला धागा. आधी साधा गुणाकार मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

१२ मीटरची बस, बसलेले आणि उभे मिळून ६० माणसं. दर ३ मिनिटांनी सोडली तर तासाला २० फेऱ्या, म्हणजे १,२००. दर २ मिनिटांनी सोडली तर १,८००. याच्या पुढे रेटलं की सिग्नलला दोन-तीन बस एकामागोमाग उभ्या राहतात. पहिली खचाखच भरते, मागची रिकामी पळते.

२४ मीटरची छोटी ट्राम साधारण १३० माणसं नेते. दर ६ मिनिटांनी १,३००. ३० मीटरच्या पुढची, २०० माणसांची गाडी दर ५ मिनिटांनी सोडली तर २,४००.

म्हणजे मागणी तासाला दीड हजाराच्या आत असेल तर चांगल्या बसने काम भागतं. अडीच-तीन हजारांकडे जात असेल तर ट्रामचा विचार रास्त आहे, कारण तेवढीच माणसं न्यायला चालक कमी लागतात. आठ हजार असतील तर धाग्याचं शीर्षक बदलावं लागेल. पण शहराकडे आज बस किती आहेत? स्मार्ट सिटीने घेतल्या त्या शंभर. केंद्राच्या सेवा-निकषांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही सर्वोत्तम पातळी धरली आहे. २०११ च्या जनगणनेतली ११.७५ लाख लोकसंख्या घेतली तरी सातशेच्या वर बस हव्यात. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून भर पडेल, पण दरी केवढी आहे ते पाहा.

वाळूजवाला

खामकाठ भाऊ, तुमची लाइन नगर नाक्यालाच संपली की खरा लोंढा राहिला बाहेर. माणसं छावणीच्या पलीकडून वाळूजच्या कारखान्यांकडं, म्हणजे इथल्या पंढरपूर, बजाजनगर, रांजणगावकडं जायलेत. आणि ती सकाळी नऊला नाही जात. फर्स्ट शिफ्ट सातची, तिच्यासाठी सहाच्या आधी थांब्यावर यावं लागतं. सेकंड शिफ्ट साडेतीनला बदलते, रात्री बाराच्या पुढं सुटते. सर्वेक्षणवाले मात्र नऊ ते अकरा अन् संध्याकाळी पाच ते सात उभे राहतात. त्यांच्या कागदावर वाळूजची गर्दी निम्मी पण येत नाही.

दुसरं असं की मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या बस आहेत. कंत्राटी कामगाराला ती नाही, तो शेअर रिक्षा नाहीतर दुचाकी पकडतो. परमनंट माणूस कंपनीची बस सोडून ट्राममध्ये काहून बसंल? ती घराच्या कोपऱ्यावरून उचलते अन् गेटच्या आत सोडते. म्हणजे वाळूजची मागणी म्हणताना कंत्राटी कामगार, छोट्या वर्कशॉपचे कामगार आणि दुकानवाले एवढेच धरा. त्यांची संख्या कमी नाही, पण त्यांची वेळ न् खिसा दोन्ही वेगळे आहेत. रात्री बाराला सुटणाऱ्याला गाडी नसेल तर तो सकाळी पण दुचाकीवरच जाणार, कारण परत यायचं कशानं हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

घाटीसमोर

वाळूजवाला यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. शेवटची गाडी नसेल तर पहिल्या गाडीचा प्रवासीसुद्धा जातो.

मी रुग्णालयाच्या भागात काम करते, तिथलं सांगते. घाटीच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत येणारा माणूस शहरातला असतोच असं नाही. जालना, बुलढाणा, पार वैजापूर-कन्नडकडून माणसं येतात. सोबत दोन नातेवाईक, एक पिशवी, एक्स-रेचं मोठं पाकीट. एसटीतून उतरले की सरळ रिक्षा. शहराचं वाहतूक सर्वेक्षण मुख्यतः घरोघरी होतं, म्हणजे ज्याचं घर शहरात नाही तो त्यात मोजलाच जात नाही. पण शहरात रोज सकाळी उतरणारी ही माणसं ट्रामची पक्की गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्याकडे दुचाकी नसते. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बाया एकट्यानं औषधपाण्याला यायला लागल्यात, हे मला रोज दिसतं. एसटीचं तिकीट निम्मं आणि स्टँडपासून दवाखान्यापर्यंतच्या रिक्षालाच जास्त पैसे, अशी गत आहे.

आणि बायकांचा प्रवास सरळ रेषेत नसतो. मुलाला शाळेत सोडा, तिथून कामावर, येताना औरंगपुऱ्यात भाजी, मग आईकडे डोकावून घरी. चार छोटे तुकडे. प्रत्येक तुकड्याला नवं तिकीट लावलं तर ती रिक्षाच करणार. दीड-दोन तासांचं एक तिकीट, कितीही वेळा चढा-उतरा, असं असेल तरच ट्राम तिच्या कामाची.

खामकाठ

@घाटीसमोर ताई, घरोघरच्या सर्वेक्षणाचा मुद्दा फार मोलाचा. वाहतुकीच्या अंदाजाचं नेहमीचं गणित चार पायऱ्यांचं असतं. कुठून किती प्रवास निघतात, ते कुठे जातात, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या रस्त्याने. पहिल्याच पायरीत बाहेरगावचा माणूस सुटला तर पुढच्या तिन्ही पायऱ्या चुकतात. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर वेगळी मोजणी हवीच.

आता वेगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे पैसा दडलाय. मार्ग १२ किलोमीटरचा धरा. गाडी सरासरी ताशी १८ किमीने गेली तर एका बाजूला ४० मिनिटं. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं थांबा. पूर्ण फेरी ९० मिनिटांची. दर ६ मिनिटांनी गाडी द्यायची तर १५ गाड्या लागतील, वर दुरुस्तीसाठी एक-दोन.

तीच गाडी जालना रोडच्या गर्दीत अडकून ताशी १२ ने गेली तर एका बाजूला तास, फेरी १३० मिनिटांची, आणि त्याच ६ मिनिटांसाठी २२ गाड्या. सात गाड्या आणि त्यांचे चालक जास्त, प्रवासी मात्र तेवढेच! किंबहुना कमी, कारण वेळ वाढला. म्हणून राखीव पट्टा हा नियोजनाचा गाभा आहे. तो नसेल तर ट्राम आणायचीच नाही असं माझं ठाम मत आहे.

वाट पाहण्याचंही तसंच. वेळापत्रक न बघता माणूस थांब्यावर आला तर सरासरी अर्धं अंतर वाट पाहतो. २० मिनिटांनी गाडी असेल तर १० मिनिटं. आणि थांब्यावरचं एक मिनिट प्रवाशाला गाडीतल्या जवळजवळ दोन मिनिटांएवढं जड जातं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यात आपला मे महिना. सेव्हन हिलच्या थांब्यावर दुपारी दोनला सावली नसेल तर बाई दहा मिनिटं उभी राहणार नाही, पहिल्या शेअर रिक्षाला हात करेल.

पैठण_गेट

ट्रामचं नाव काढलं की लोकांना मोठी शहरं आठवतात, म्हणून लहान शहरांची उदाहरणं देतो.

फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक ट्राम उखडून टाकल्या होत्या. १९८५ मध्ये नाँत शहराने नव्याने सुरू केली. ती आणणारा महापौर १९८३ ची निवडणूक हरला, विरोध इतका होता. पण रूळ पडले, लोक बसले, पुढे मार्ग वाढत गेले. १९८७ मध्ये ग्रनोबल, १९९४ मध्ये स्ट्रासबुर्ग. स्ट्रासबुर्गमध्ये १९८९ च्या निवडणुकीत मुद्दाच भुयारी स्वयंचलित मेट्रो की ट्राम असा होता आणि ट्रामवाल्या काथरीन ट्रॉटमान जिंकल्या.

आपल्याला सगळ्यात उपयोगी उदाहरण बझांसोंचं. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. २०१४ मध्ये साडेचौदा किलोमीटरची ट्राम सुरू झाली. त्यांनी मुद्दाम छोटी गाडी घेतली, २४ मीटरच्या आतली, आणि थांबे असे बांधले की पुढे गरज पडली तर गाडी लांब करता येईल. मागणी आज जेवढी आहे तेवढंच आज विकत घ्यायचं, उद्याची जागा सोडून ठेवायची. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही.

जुनं_जालनं

ट्राम आपल्या भागाला अगदी परकी नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, विजेची १९०७ ला, आणि शेवटची ३१ मार्च १९६४ ला धावली. नाशिकलाही स्टेशनपासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम होती, १८८९ पासून.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज १९०० च्या सुमारास आलं. १९३२ मध्ये निजाम सरकारने रेल्वेखात्यातच रस्ते वाहतूक विभाग काढला, २७ बस घेऊन. रेल्वे आणि बस एकाच खात्याकडे असल्यामुळे बसने रेल्वेचा प्रवासी पळवायचा नाही, त्याला स्टेशनपर्यंत आणायचं, हा विचार तेव्हा होता. आज शहरात महापालिकेची बस वेगळी, एसटी वेगळी, रेल्वे वेगळी, आणि स्टेशनवर रात्री गाडी येते तेव्हा बाहेर सिटी बस नसते. २०१७ च्या मेट्रो धोरणाने एकात्मिक वाहतूक प्राधिकरण सक्तीचं केलं. मेट्रो येवो न येवो, ते प्राधिकरण आधी हवं.

कोलकात्याकडूनही शिकावं. तिथे विजेची ट्राम १९०२ पासून. बऱ्याच ठिकाणी तिचा राखीव पट्टा काढून रस्त्यात मिसळला, प्रवाशांना धावत्या गाड्यांमधून रस्त्याच्या मधोमध जाऊन चढावं लागायला लागलं. वेग गेला, फेऱ्या घटल्या, माणसं गेली. मग 'प्रवासी नाहीत' म्हणून मार्ग बंद. प्रवासी आधी घालवले गेले होते.

पहाडसिंगपुरा

मला काळजी जमिनीखालची आहे. रुळाखाली पाण्याची, ड्रेनेजची लाइन ठेवता येत नाही, दर दुरुस्तीला ट्राम बंद पडेल. म्हणजे आधी सगळ्या वाहिन्या हलवा. एडिनबरामध्ये हेच झालं. जमिनीखाली काय काय आहे याचे नकाशे धड नव्हते, वाहिन्या हलवण्यातच वर्षं गेली. ५४५ दशलक्ष पाउंडांचं काम ७७६ दशलक्षांवर गेलं आणि ट्राम २०१४ मध्ये, तीही ठरल्यापेक्षा लहान मार्गावर सुरू झाली. तिथे निदान नळाला रोज पाणी येतं.

आपल्याकडे नव्या पाणी योजनेच्या जलवाहिन्यांसाठी रस्ते आताच खोदलेत. त्यात नकाशे नीट काढून ठेवले तर पुढे कुठलीही लाइन टाकताना कामी येतील. ही गोष्ट आज फुकटात होऊ शकते. रस्ता बुजवला की संपलं.

मांजराकाठ

आम्ही लातूरकडून वाचूलालोत. आमच्याकडं रेल्वे कोचचा कारखाना झाला, डबे बनवायची जागा मराठवाड्यातच आहे हे मनाला बरं वाटतंय. पण एक सांगा, पैसा कोण भरणार? बांधायला केंद्र-राज्य देईल. पुढं दरवर्षीचा तोटा महापालिकेनं कुठून भरायचा? अदिस अबाबाला २०१५ मध्ये मोठी लाइट रेल झाली, आता सुट्या भागांअभावी बऱ्याच गाड्या उभ्या आहेत. गाडी घेणं सोपं, दहाव्या वर्षी चालू ठेवणं अवघड.

पैठण_गेट

@मांजराकाठ, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. फ्रान्सचं उत्तर म्हणजे मालकांवरचा वाहतूक कर. पॅरिसमध्ये १९७१ ला, बाकी मोठ्या शहरांत १९७३ पासून. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने पगाराच्या रकमेवर थोडा टक्का स्थानिक वाहतुकीसाठी द्यायचा. हा पैसा बांधायलाही वापरता येतो आणि चालवायलाही. सव्वा लाखाच्या आतल्या शहरात ट्राम आली ती मुख्यतः या जोरावर.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. आपला व्यवसाय कर १९७५ चा, तो रोजगार हमीच्या खर्चासाठीच आला. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला हे सांगायला नको. पगारातून कापलेला पैसा एका ठरलेल्या कामाला लावायचा, हे या राज्याने करून दाखवलंय. व्यवसाय कराला घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलीय, त्यामुळे तो वाढवून भागणार नाही, मालकावर वेगळी तरतूद लागेल. पण वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्या आजही कामगारांच्या बसवर खर्च करतातच. तोच खर्च एकत्र केला तर कंत्राटी कामगारालाही गाडी मिळेल.

एन_सात_सिडको

यात एक धोका सांगून ठेवतो. कागदावरच्या अंदाजांवर फार विसंबू नका. डॅनिश संशोधक बेंट फ्लुबियर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जगभरच्या २७ रेल्वे प्रकल्पांची तपासणी केली. प्रत्यक्ष प्रवासी अंदाजाच्या सरासरी निम्मेच निघाले. कुणी मुद्दाम फुगवतं, कुणी आशेने. आठ हजारांचा आकडा लिहून मेट्रो मंजूर करून घ्यायची आणि पुढे चार हजारही येईनात, ही चूक आपल्या शहराला परवडणार नाही.

माझ्या मते अंदाजापेक्षा खात्रीचा रस्ता असा: जालना रोडवर आताच मधला पट्टा बससाठी राखून, सकाळी साडेपाच ते रात्री साडेबारा, दर ५ मिनिटांनी बस. वर्षभर. किती माणसं येतात ते तिकीट यंत्रातूनच कळेल, तासावार आणि थांब्यावार. बस कायम भरून वाहायला लागली की ट्रामचा प्रस्ताव आपोआप उभा राहील.

खामकाठ

हे मला मान्य आहे, एका अटीवर. पट्टा आखताना तो ट्रामच्या मापाने आखावा. वळणांची त्रिज्या, थांब्याची लांबी, उड्डाणपुलांच्या खालची मोकळी जागा. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको, सगळीकडे पुलाखाली रिक्षा आणि हातगाड्या उभ्या असतात. तीच खरी चौकातल्या थांब्याची जागा आहे. उन्हापावसात छप्पर तयारच आहे, फक्त रस्ता ओलांडायला सिग्नलवर पादचाऱ्याला पुरेसा वेळ हवा. हातगाडीवाल्यांना तिथेच बाजूला जागा द्यावी, थांब्याला त्यांचीही गरज असते.

वाळूजवाला

पाच मिनिटांची बस बजाजनगरपर्यंत आणा, तर शिफ्टचे लोक मिळतील. नुसती नगर नाक्यापर्यंत आणली तर तिथं उतरून परत रिक्षा शोधायची, मग लोक घरूनच रिक्षा करतील. गाडी बदलणं लोकांना नको असतं.

आणि शेअर रिक्षावाल्यांना शत्रू समजू नका. कुठल्या रस्त्यावर कोणत्या वेळी किती माणसं असतात, हे त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही. त्यांना विचारा. मुख्य रस्ता बसला अन् आतल्या कॉलन्या, सातारा-देवळाई, गारखेडा त्यांना, असं वाटून दिलं तर ते पण जगतील.

घाटीसमोर

मग आपण स्वतःच एकदा मोजून बघायचं का? महापालिकेला कागद द्यायचा तर हातात काहीतरी हवं. चार ठिकाणं पुरेत. नगर नाका, क्रांती चौक, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी. पहाटे साडेपाच ते साडेसात, दुपारी तीन ते साडेचार, आणि नेहमीची सकाळ-संध्याकाळ. पगाराच्या आठवड्यात एकदा आणि महिनाअखेर एकदा, कारण महिनाअखेरीला लोक रिक्षा सोडून बसकडे वळतात.

खामकाठ

नक्की करू. एका कागदावर दर पंधरा मिनिटांना एक ओळ. बसमधली माणसं, शेअर रिक्षातली, कंपनीच्या बस, दुचाकी, आणि दुचाकीवर एकटा की दोघं. थांब्यावर वाट पाहून शेवटी रिक्षा करणाऱ्यांचा वेगळा रकाना ठेवा, मला तो सगळ्यात जास्त हवा आहे. क्रांती चौक मी घेतो.

एन_सात_सिडको

सिडको स्टँड माझ्याकडे. तिथे एसटीतून उतरून पुढे कशाने जातात हेही लिहितो.

वाळूजवाला

नगर नाका पहाटेचा मी. पुढच्या शिफ्टला माझा भाऊ उभा राहील.

घाटीसमोर

मुकुंदवाडी मी घेते, सोबत मैत्रीण येईल. बायका किती आणि सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का, हा रकाना कागदात वाढवा.